मेरीलँडचं कासव, आमच्या न्हाणीपाशी

रविवारी दादाकडे गेले, तर न्हाणीच्या बाहेर, एरवी जिथे धुण्याची बालदी असते तिथे, एक निळा टब मांडलेला. टबात चार बोटं पाणी, पाण्यात फुगून पांढरेफटक पडलेले कुरमुरे, आणि त्यांच्या मधोमध चहाच्या बशीत मावेल एवढं हिरवं कासव. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाल रेघ. टबाच्या काठाला हळदकुंकू. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "ईशान्य कोपरा हाच पडतो गो आमच्या घराचा. न्हाणीशेजारी येतो, पण करणार काय?"

भाचा बारावीला आहे. कासव त्याच्यासाठी. दादाने रत्नागिरीच्या एका मासे विकणाऱ्या दुकानातून आणलं. खायचे मासे नव्हेत, काचेच्या पेटीतले. भाचा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. आत्या काय बोलते याची वाट बघत, आणि काही बोलू नये अशीही इच्छा धरून.

वहिनीला हे सुचलं मोबाइलवरून. तो मेसेज गेले तीन आठवडे आमच्या तालुक्यात डोळे आल्यासारखा फिरतोय. माझ्याकडे तो पाचदा आला: माहेरच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, आमच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर (मी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, एकवीस वर्षं झाली) आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर दोनदा. तिथे मेसेजच्या पाठोपाठ वर्गणीचा आकडाही आला. कॉलेजच्या फाटकापाशी ‘कूर्मशिल्प’ बसवायचं, माणशी हजार रुपये.

जोडलेले हात आणि फुलं वजा केली तर मेसेजात आहे ते एवढं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आवारात पाच हजार वर्षांपूर्वीची कूर्मावताराची मूर्ती आहे. तिचं नाव ‘टेस्टुडो’, म्हणजे संस्कृत ‘तिष्ठतु’. मूर्तीचं तोंड उत्तरेला असून नाकातून लहरी निघतात, त्या नासाने मोजल्यात. परीक्षेआधी तिथले विद्यार्थी नाकाला हात लावतात, नैवेद्य ठेवतात, म्हणून तिथे कोणी नापास होत नाही. १९४७ साली मूर्ती अदृश्य झाली आणि आपोआप परत प्रकटली. त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. अमेरिकेत मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत घरोघरी जिवंत कासव ठेवतात. तुम्हीही परीक्षेआधी एकवीस दिवस ईशान्येला पाण्यात कासव ठेवा. पाठीवर चांदण्या असलेलं मिळालं तर अत्युत्तम. अकरा जणांना पाठवा.

मी हा मेसेज हसून सोडून दिला होता, टब बघेपर्यंत.

मग त्याच दुपारी भाच्याला घेऊन बसले. या पुतळ्याची माहिती काढायला नासापर्यंत जावं लागत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचं अभिलेखागार आहे, आणि त्यांनी आपल्या कासवाचा इतिहास सालवार जपून ठेवलाय. कोणी बनवलं, कोणी पळवलं, कुठून कुठे हलवलं, सगळं. पुतळ्याबद्दल पुढे जे सांगते ते बहुतेक तिथलं. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी त्यांच्या नोंदी वाचाव्यात. इंग्रजी सोपं आहे.

तर पाच हजार वर्षं. पुतळा १९३३ चा आहे. माझी आजी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती, आणि तिला कोणी प्राचीन म्हटलेलं तिला खपलं नसतं. १९३३ साली पास होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनी कॉलेजला भेट म्हणून तो दिला. आरिस्टीड चान्फरानी नावाच्या शिल्पकाराने घडवला, प्रॉव्हिडन्स गावातल्या गोरहॅम कंपनीने ब्राँझमध्ये ओतला. जमिनीतून निघाला नाही, समुद्रमंथनातून तर नाहीच. आणि २००६ साली विद्यापीठाला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी याच कासवाचे फायबरचे पन्नास मोठे पुतळे करून ते कलाकारांकडून रंगवून घेतले, शिष्यवृत्त्यांसाठी पैसे उभे केले. अवताराला कोणी असं रंगवून विकायला काढत नाही.

मग कासवच का? याची गोष्ट मेसेजातल्या गोष्टीपेक्षा किती तरी गोड आहे, पण ती कोणी पुढे पाठवत नाही. १९३२ साली तिथल्या मुलांना आपल्या संघांसाठी एखादं चिन्ह हवं होतं. हॅरी बर्ड नावाचे फुटबॉलचे प्रशिक्षक होते, सगळे त्यांना ‘कर्ली’ म्हणत, पुढे ते विद्यापीठाचे अध्यक्षही झाले. त्यांनी ‘डायमंडबॅक टेरापिन’ हे कासव सुचवलं. बर्ड मूळचे क्रिसफील्डचे, चेसापीक उपसागराच्या काठच्या गावातले. खेकडे आणि कालवं यांच्यावर जगणारं गाव, म्हणजे आपल्या दाभोळ-जयगडकडच्या माणसाला पत्ता वेगळा सांगायला नको. आणि हे कासव राहतं तेही तिथल्याच खाडीत. अर्धं गोडं अर्धं खारं पाणी, भरतीला बुडणारं गवत, चिखल. पाठीच्या प्रत्येक चकतीवर एकात एक चौकटी, म्हणून डायमंडबॅक. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचं नाव तर त्याच्याही आधीपासून ‘डायमंडबॅक’ होतं. थोडक्यात, एका माणसाने लहानपणी आपल्या गावच्या खाडीत बघितलेलं जनावर निवडलं. यात विष्णू नाही, चिखल आहे.

या जनावराचं तिथल्या लोकांनी आधी काय केलं तेही ऐका. खाल्लं. टेरापिनचं सूप हा तिकडच्या श्रीमंतांच्या मेजवानीचा पदार्थ होता, आणि त्यापायी ते संपायला आलं. १९९४ साली मेरीलँडने त्याला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून जाहीर केलं, पण व्यापारासाठी पकडणं बंद व्हायला २००७ उजाडलं. पुतळा उभारल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी! नाकाला हात लावणारे हात तोवर कढईतही होतेच. ‘अमेरिकेने कूर्माचं महत्त्व ओळखलं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जमेस धरावा.

‘तिष्ठतु’बद्दल फार लिहीत नाही. टेस्टुडो हा लॅटिन शब्द आहे, अर्थ कासव, मुळाशी ‘टेस्टा’ म्हणजे कवच, खापर. रोमन सैनिक ढाली डोक्यावर एकमेकींना भिडवून पुढे सरकायचे, त्या रचनेलाही टेस्टुडोच म्हणत. तिष्ठत बसण्यावरून नाव द्यायचं तर ते आमच्या एस.टी. स्टँडला द्या.

लहरींचंही तसंच. नासाचं एक मोठं केंद्र विद्यापीठाजवळच ग्रीनबेल्टला आहे, एवढा नासाचा संबंध मी मान्य करते. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाची मुलगी परीक्षेआधी नाक चोळून गेलीही असेल. पण ‘तोंड उत्तरेला’ यावर लहरींचा सगळा डोलारा उभा, आणि पुतळा आधी होता रिची कोलिझियमपुढे, १९५१ मध्ये गेला स्टेडियमवर, साठच्या दशकात आला मॅकेल्डिन ग्रंथालयापुढे. तीन जागा. दर वेळी होकायंत्र लावून बसवला असेल तर तशी नोंद नाही. नाक चकाकतं ते हात लागून. ब्राँझवर वर्षानुवर्षं काळसर पुट चढतं, रोज हजार बोटं लागली की तेवढ्या जागचं उतरतं. देवळातल्या घंटेचा लोलक बघा, जिथे मुठी पडतात तिथे पिवळा, वर काळा. त्या घंटेतून कोणी लहरी मोजत नाही.

आता जे खरं आहे ते कबूल करते, नाइलाजाने. विद्यार्थी परीक्षेआधी त्या कासवाचं नाक खरंच चोळतात. आणि नैवेद्य खरंच ठेवतात. आपण ठेवतो तसा गूळखोबरं नव्हे. पिझ्झाचे खोके, कॉफीचे कप, जुनी पुस्तकं, नाणी, हाताला येईल ते. ढीग एवढा होतो की कासव त्याखाली दिसेनासं होतं. मेणबत्त्याही असतात, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्या ढिगाला आग लागून पुतळाच होरपळला होता. म्हणजे परीक्षेच्या भीतीने माणूस जे करतो ते तिथेही करतो. आपणही देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो हात कपाळाला लावतो, मीही लावते, सवयीने. इथपर्यंत मेसेज बरोबर.

पण ‘म्हणून कोणी नापास होत नाही’? ज्या आवारात पास होणारा आणि नापास होणारा दोघेही जाता-येता तेच नाक चोळतात, तिथे नाकाने काय ठरवलं? आणि निकालच बघायचा तर अमेरिकेला कशाला जायचं. आपलं कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय. २०२५ मध्ये ९६.७४ टक्के. कुठल्याही कासवाचं नाक न चोळता. वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "राहिलेल्या तीन टक्क्यांचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती त्या तीन टक्क्यांची आई होण्याच्या भीतीने झोपत नाही, हे मला दिसत होतं.

शिवाय त्याच आवारात एक बेडूकही आहे. बाहुल्यांचे खेळ करणारे जिम हेन्सन तिथे शिकले, त्यांचा आणि त्यांच्या कर्मिट नावाच्या बाहुल्या-बेडकाचा पुतळा २००३ पासून तिथे बाकावर बसलेला आहे. हा बेडूक अजून कोणाच्या नजरेस पडलेला नाही म्हणून बरं. नाहीतर मांडूक्य उपनिषदाचा मेसेज तयारच.

१९४७ चं अदृश्य होणं मात्र मला मनापासून आवडलं, कारण इथे मेसेजकर्त्याला साल बरोबर सापडलंय. पुतळा गेला होता, चोरीला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मुलांनी पळवला. मेरीलँडच्या मुलांना सुगावा लागला, त्यांनी जाऊन घराला वेढाच घातला, हाणामारी झाली, दोनशेवर पोलीस बोलवावे लागले. पुतळा परत आला. दोन वर्षांनी पुन्हा गेला, या वेळी व्हर्जिनियात एका विद्यार्थी-मंडळाच्या हिरवळीवर सापडला, तिथूनच फोन आला की तुमचं कासव घेऊन जा. शेवटी कंटाळून त्याच्या पोटात सातशे पौंड, म्हणजे तीनशे किलोच्या वर सिमेंट ओतलं आणि चौथऱ्याला जखडून टाकलं. ज्याच्यात विश्वाचा भार पेलायची शक्ती आहे म्हणता, त्याला चार पोरांनी उचलू नये म्हणून सिमेंट भरावं लागलं. आमच्याकडे पालखी पळवापळवीवरून दोन वाड्यांत जे होतं तेच हे. भारत स्वातंत्र्याचा यात हात नाही.

हे सगळं सोडून दिलं असतं. खोट्या गोष्टीने कोणाची करमणूक होत असेल तर होवो. पण शेवटच्या ओळीवर माझं डोकं फिरतं, ती म्हणजे जिवंत कासव घरात ठेवा.

‘अमेरिकेत घरोघरी ठेवतात.’ नेमकं उलटं. लहान कासवं पोरांच्या हाती खेळणं म्हणून दिली, पोरांनी ती तोंडात घातली, साल्मोनेला नावाच्या जंतूच्या जुलाबांनी आजारी पडली, म्हणून १९७५ पासून अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीचं कासव पाळायला विकण्यावरच बंदी आहे. चार इंच म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. मी फूटपट्टी आणली आणि वहिनीच्या टबातलं कासव मोजलं. सहा. ज्या देशाचं नाव घेऊन हे कासव आलं त्या देशात ते दुकानात ठेवता आलं नसतं. आणि ते टबाचं पाणी वहिनी रोज सकाळी न्हाणीत ओतते, त्याच हाताने पुढे कणीक मळते.

दुसरी गंमत म्हणजे हे कासव आहेच अमेरिकेचं. डोळ्यामागे लाल रेघ असलेलं हे, इंग्रजीत त्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. कूर्मावतार म्हणून ज्याला हळदकुंकू लावलं ते परदेशी! देशी कासवांवरचा कायदा त्याला लागू पडत नाही, म्हणून दुकानदार ते उघड्यावर मांडतात. ‘पाठीवर चांदण्या असलेलं’ जे मेसेजात म्हटलंय ते आपलं स्टार कासव, आणि ते घरात सापडलं तर नशीब नव्हे, वनखातं दाराशी येतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच. परदेशी व्यापारावर २०१९ पासून बंदी आहे. तरी ते जंगलातून पोतीच्या पोती भरून नेतात, कारण कुठल्या तरी दिवाणखान्यात कोणाचा तरी मुलगा पहिला यायचा असतो. मेसेज लिहिणाऱ्याने ही ओळ किती सहज टाकलीय. ‘मिळालं तर अत्युत्तम.’

वहिनीला राग आला. राग माझा नव्हता, पैसे गेल्याचा होता. म्हणाली, "बरं, मग संध्याकाळी समुद्रात सोडून येते. पुण्य तरी लागेल." मी टब पायाने अडवला. हे नदीचं, डबक्याचं जनावर आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते जगणार नाही. "मग देवळाच्या तळीत?" तिथे जगेल, हाच तर घोळ आहे. जगात जिथे जिथे लोकांनी कंटाळून ते तळ्यात सोडलं तिथे तिथे ते माजलं. स्थानिक कासवांची उन्हाला बसायची जागा, खाणं, सगळं बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींची जी यादी आहे तिच्यात त्याचं नाव आहे. आपल्या व्हाळात, तळीत साधी काळपट कासवं असतात ना, लहानपणी भात लावताना पायाशी यायची, त्यांच्या घरात हा पाहुणा घुसवायचा.

आणि मेसेजसोबतचा फोटो. तो ना टेस्टुडोचा, ना दुकानातल्या कासवाचा. तळहातावर ठेवलेलं समुद्री कासवाचं करडं पिल्लू, आपलं ऑलिव्ह रिडले, पुढचे पाय वल्ह्यांसारखे. हा फोटो बघून उद्या कोणी तरी किनाऱ्यावर जाऊन पिल्लू उचलणार. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. त्याआधी अंडी उकरून खाल्ली जात होती, विकली जात होती, हे तिथलेच म्हातारे सांगतात. आज आपल्या कितीतरी गावांत रात्री टॉर्च घेऊन पोरं किनारा चालतात, मादीची वाळूतली रांग शोधतात, शंभर-सव्वाशे अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात, पन्नासेक दिवस कोल्ह्याकुत्र्यांपासून सांभाळतात. पिल्लं निघाली की पाण्याच्या काठावर ठेवत नाहीत, अलीकडे वाळूवर सोडतात, त्यांचं त्यांना चालत जाऊ देतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावून तिला सोडलं, तिचं नाव प्रथमा ठेवलं. तिच्या पिल्लाला टबात, ईशान्येला!

एवढं बोलून झाल्यावर भाच्याने कासव उचललं आणि माझ्या हातात दिलं. अंगठ्याने पाठ दाबली तर ती दबली. सादळलेल्या पापडासारखी. कासवाची पाठ दबत नसते. ऊन नाही, चुना नाही, कुरमुऱ्यावर दोन आठवडे. एक डोळा सुजून बंद होता, दुसऱ्याने ते माझ्या बांगडीकडे बघत होतं. वहिनी जवळ आली, तिनेही दाबून बघितलं आणि हात मागे घेतला. त्यानंतर ती मेसेजची बाजू घेऊन काही बोलली नाही.

राहिलं कॉलेजचं शिल्प. माझा पुतळ्याला विरोध नाही, हे ग्रुपवर तीनदा लिहिलं तरी दोघांनी मला धर्मद्रोही ठरवलंच. पण समितीने निवडलेलं चित्र तुम्ही बघितलंत का? मोठं करून बघा. संगमरवरी कासव, त्याला ड्रॅगनचं तोंड, आणि तोंडात नाणं. हा फेंगशुईच्या दुकानात मिळणारा चिनी प्रकार आहे. कूर्मावताराच्या नावाने माणशी हजार रुपये काढून कॉलेजच्या फाटकात चिनी ड्रॅगन बसणार, आणि त्याखाली ‘प्राचीन भारतीय विज्ञान’ अशी पाटी. बसवायचंच असेल तर काळ्या दगडाचं बसवा, समुद्री कासवाचं बसवा. इथून अर्ध्या तासावरच्या पुळणीवर ते दर थंडीत अंडी घालायला येतं. बर्ड यांनी आपल्या खाडीतलं घेतलं, तुम्ही आपल्या पुळणीवरचं घ्या. बोटांचे पाय काढू नका, समुद्री कासवाला वल्ह्यासारखे पाय असतात; शिल्पकाराला फोटो मी देईन. मुलं परीक्षेआधी नाक चोळणार असतील तर चोळू देत, दगड आहे तो. मेणबत्त्या तेवढ्या नकोत. यावर खजिनदारांनी विचारलं, "तोंड कुठल्या दिशेला?" म्हटलं, पश्चिमेला, समुद्र तिकडे आहे. ते म्हणाले, पश्चिम अशुभ. चर्चा अजून चालू आहे.

टब आता अंगणात आहे, उन्हात. आत एक चिरा ठेवलाय, त्यावर चढून ते बसतं. पाणी रोज झाडांना जातं आणि टब हाताळला की सगळे साबणाने हात धुतात, वहिनी तर दोनदा. कुरमुरे बंद. आळणी सुकट, शेवग्याचा पाला, आणि चुन्यासाठी समुद्रफेस. पुळणीवर पांढरे तुकडे पडलेले असतात ना, माकुलाच्या पाठीतलं हाड, ते भाच्याने आणून टाकलं. डोळा उघडलाय. चिपळूणला जनावरांचे एक डॉक्टर आहेत, कासवं बघतात, त्यांच्याकडे मंगळवारी नेणार.

"हे किती वर्षं जगतं गो?" वहिनीने काल विचारलं. नीट ठेवलं तर तीस, म्हटलं, आणि जेवणाच्या ताटाएवढं होतं. दादा पायरीवर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे मी एक्याऐंशीचा."